विश्वसाहित्यातील प्रीती आणि पोटामागची ताटातूट

प्रेम हा विषय व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर दिसला की श्रोते दोन प्रकारच्या अपेक्षा बाळगून येतात. काहींना शकुंतला-दुष्यंत, रोमिओ-ज्युलिएट, लैला-मजनू यांच्या रसाळ कथा ऐकावयाच्या असतात. काहींच्या मनात अशी शंका असते, की कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालविलेल्या माणसाने या विषयाच्या वाटेस जावेच कशाला? या दुसऱ्या शंकेत एक जुना समज दडलेला आहे. प्रेम ही सवड असणाऱ्यांची चीज. ज्याला पहाटेच्या भोंग्याला धावावयाचे आहे त्याला भूक असते, संसार असतो, कर्ज असते, पण प्रेम म्हणावे असे काही नसते, असा तो समज आहे. तो खोटा आहे हे जगाच्या साहित्याच्या इतिहासावरूनच दाखविता येते, आणि आज तेच करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानी घेऊ. जगातील प्रेमसाहित्याचा मोठा भाग मीलनाचा नाही, ताटातुटीचा आहे. एकत्र सुखाने राहणाऱ्या जोडप्याबद्दल कवी फारसे बोलत नाहीत. आता, ही ताटातूट कशाने होते असे विचारले तर पंडित नशिबाकडे, शापाकडे किंवा देवाकडे बोट दाखवितात. आम्ही जे थोडेफार वाचले त्यावरून आम्हांस दोनच मोठी कारणे दिसतात. एक कारण पोट, आणि दुसरे कारण माणसामाणसांत घातलेली भिंत. दोन्ही माणसाने केलेली आहेत. म्हणूनच प्रेमाच्या वाङ्मयाचा इतिहास हा श्रमाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

ग्रीकांच्या होमरपासून आरंभ करू. 'ओडिसी'तील पेनेलोपीचा नवरा लढाईवर गेला तो वीस वर्षे परतला नाही. दारात मागणी घालणाऱ्यांची रांग लागली. तेव्हा तिने सांगितले, की सासऱ्यासाठी प्रेतवस्त्र विणून झाले की मी तुमच्यापैकी एकाला वरीन. दिवसा ती मागावर विणी आणि रात्री मशालीच्या उजेडात तेच उसवी. तीन वर्षे तिने हा डाव चालविला. पंडितांना या कथेत पातिव्रत्य दिसते. सुताच्या धंद्यातील माणसाला आणखीही काही दिसते. ती राणी असली तरी तिच्या हातात माग आहे, आणि आपल्या श्रमाचा वेग आपल्या ताब्यात ठेवून तिने आपले प्रेम राखले आहे. कामाचा वेग कमी करून मागणी रोखून धरण्याची युक्ती कामगार चळवळीलाही चांगली ठाऊक आहे.

चीनमध्ये 'शी-चिंग' नावाचा गीतांचा प्राचीन संग्रह आहे. त्यात ३०५ गीते असून सर्वांत जुनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची मानतात. ती निवडण्याचे श्रेय परंपरेने कन्फ्यूशियसला दिले जाते. त्यांतील कित्येक गीते सक्तीने लष्करात किंवा राजाच्या कामावर नेलेल्या माणसांच्या बायकांची आहेत. धनी परत येईपर्यंत केसांना तेल कोणासाठी लावावे, ही त्यांची तक्रार आजही कोणत्याही गावच्या पाणवठ्यावर शोभेल.

याहून आम्हांस जवळची वाटते ती तमिळांची संघम् कविता. या प्राचीन कवींनी प्रेमाच्या पाच अवस्था केल्या आणि प्रत्येकीला एकेक भूमी दिली. डोंगरात मीलन, रानात प्रतीक्षा, शेतशिवारात रुसवा, समुद्रकाठी झुरणे, आणि विरहाची भूमी म्हणजे 'पालै'. पालै म्हणजे पाण्यावाचून होरपळलेला, करपलेला माळ. आणि नायक हा माळ तुडवीत का जातो? त्यांच्या शास्त्राने कारणेही सांगून ठेवली आहेत: विद्या, युद्ध, राजाचे काम आणि धन मिळविणे. दोन हजार वर्षांपूर्वी त्या कवींनी प्रेमाच्या व्याकरणात रोजगाराला जागा दिली, ही गोष्ट लहान नाही.

श्रोतेहो, पालै भूमी पाहण्यासाठी आपल्याला तमिळनाडूत जाण्याची गरज नाही. आपण बसलो आहोत तो कवठे महांकाळचा मुलूख, शेजारचे जत, आटपाडी आणि खानापूर, हा सारा पावसाने पाठ फिरविलेला टापू. अग्रणी नदी नावाची नदी. वर्षातील पुष्कळ दिवस तिच्यात वाळूच दिसे. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पंढरपुराहून मिरजेपर्यंत आली. तिच्या डब्यांतून वारकरी गेले तसे पोटामागे निघालेले तरुणही गेले. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला. कोणी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात शिरून केरळ-तमिळनाडूपासून आसामपर्यंत पोचला. धनगर बांधव तर मेंढरे घेऊन पिढ्यान्‌पिढ्या फिरतच आले, आणि आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेला सगळे पुन्हा एकत्र येत राहिले. आता रेल्वेचा रूळ रुंद झाला, म्हैसाळ योजनेचे पाणी आले, माळावर द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या. परंतु या तालुक्याच्या कित्येक पिढ्यांच्या संसाराला वाट पाहणे हाच पाया होता हे विसरून चालणार नाही.

हे वाट पाहणे आपल्या भाषेच्या इतिहासात किती जुने आहे? युरोपातील काही विद्वानांनी असे मांडले आहे, की आज आपण ज्याला प्रेम म्हणतो ती भावना बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधील दरबारी कवींनी प्रथम निर्माण केली. या विद्वानांनी पैठणपर्यंत येण्याची तसदी घेतली असती तर बरे झाले असते. मराठीची पूर्वज जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्यात 'गाथासप्तशती' हा सुमारे सातशे सुट्या गाथांचा संग्रह आहे. तो सातवाहन राजा हाल याच्या नावावर मोडतो, आणि त्याचा गाभा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील मानतात. जर्मन पंडित वेबर याने एकोणिसाव्या शतकात तो युरोपला दाखविला आणि १९५६ साली स. आ. जोगळेकर यांनी मोठ्या व्यासंगाने मराठीत आणला.

संग्रह राजाचा, पण त्यातील माणसे राजवाड्यातील नाहीत. नांगरट करणारा कुणबी, त्याची बायको, गावच्या पाटलाची मुलगी, पारधी, गुराखी, पाणपोईवर पाणी घालणारी स्त्री आणि वाटसरू अशी ती माणसे आहेत. त्यांत पुन्हापुन्हा भेटते ती प्रवासाला गेलेल्याची बायको. नवरा गेल्यापासूनचे दिवस ती भिंतीवर रेघा ओढून मोजते. कावळ्याला घास घालून निरोप विचारते, आणि हात इतका वाळला आहे की बांगडी निसटून पडते. पावसाळा हा तिचा मोठा परीक्षेचा काळ, कारण वाटा बंद होण्यापूर्वी माणूस घरी यावा हा त्या काळचा नियम. गाथांच्या कवींमध्ये काही स्त्रियांचीही नावे परंपरेने सांगितली आहेत. म्हणजे दरबारी फ्रेंच कवींच्या हजार वर्षे आधी गोदाकाठच्या खेड्यातील कष्टकऱ्यांचे प्रेम साहित्यात मानाने नांदत होते.

कालिदासाचे 'मेघदूत' आपण सर्व जाणतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शान्ता शेळके यांच्यापर्यंत किती जणांना त्याचे मराठी करण्याचा मोह आवरला नाही! त्याची शोभा आम्ही काय वर्णावी? मात्र त्याच्या आरंभीची परिस्थिती कामगाराच्या नजरेने पाहावी अशी आमची विनंती आहे. यक्ष हा कुबेराचा चाकर. कामात कसूर झाली म्हणून मालकाने त्याला एक वर्षाची हद्दपारी सुनावली. ना चौकशी, ना अपील. शिक्षा एकट्याला, पण भोगते त्याची बायकोही. रामगिरीवर, म्हणजे महामहोपाध्याय मिराशींच्या मते आपल्या विदर्भातील रामटेकावर, तो दिवस काढतो आहे. ढगाकडून निरोप पाठवितो तेव्हा अजून चार महिने उरलेले आहेत. जगातील एक अत्युत्कृष्ट प्रेमकाव्य धन्याने चाकराला दिलेल्या शिक्षेतून जन्मले आहे, हे आमच्या संस्कृतच्या शिक्षकांनी जरा ठासून सांगावयास हवे.

पुढे संतांनी हीच विरहाची भाषा उचलली आणि देवाकडे वळविली. ज्ञानेश्वरांच्या नावावरील विरहिण्यांत गाथेतील तोच कावळा पुन्हा अंगणात येऊन ओरडतो. फक्त येणारा पाहुणा पंढरीचा असतो. देवाशी बोलण्यासाठी संतांना जी भाषा सर्वांत खरी वाटली ती वाट पाहणाऱ्या बाईची भाषा होती. तिचा याहून मोठा गौरव कोणता?

परंतु येथे एक शंका निघेल. या सर्व विरहिणी बोलतात त्या बहुधा पुरुष कवीच्या तोंडून. बाई स्वतः काय म्हणत होती? याचे उत्तर जात्यावर आहे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला. पुढे गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. बाई नवऱ्यावर जितके गाते त्याहून कितीतरी अधिक भावावर, आईवर, लेकरावर आणि विठोबावर गाते. एकत्र कुटुंबात सासू ऐकत असताना नवऱ्यावरचे प्रेम उघड बोलण्याची सोय नव्हती, हे एक कारण. त्या नवऱ्याकडून प्रेमच वाट्याला आले नाही, हे दुसरे, आणि तेही झाकण्याचे कारण नाही. गाथेतील आणि लावणीतील विरहिणीच्या शेजारी ही जात्यावरची बाई बसविल्यावाचून प्रेमाचा इतिहास पुरा होत नाही. पुरुषाने लिहिलेल्या विरहात बाई फक्त झुरते. जात्यावरची बाई झुरता झुरता दळतेही, आणि दळणाबरोबर आपला जाबही नोंदविते.

लावणीचा काळ हा मुलूखगिरीचा. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा निघत त्या पावसाळ्याच्या तोंडाशी परतत. कधी पानिपतासारख्या रणावरून परततही नसत. शिपाईगडी दूर, घरी त्याची बायको, हा लावणीचा एक नेहमीचा प्रसंग. ती रचणारे कोण होते? होनाजी गवळी. सगनभाऊ मुसलमान शिकलगार, शस्त्रांना धार लावणारा. सिन्नरजवळच्या बावीचा परशराम शिंपी. त्यांच्या जोडीला रामजोशी, प्रभाकर यांसारखे ब्राह्मणही डफावर थाप मारावयास आले. शृंगाराच्या या दरबारात कारागिरांना पहिल्या रांगेची जागा होती. प्रेम सवडवंतांची मिरास आहे असे म्हणणाऱ्यांनी या शाहिरांचे धंदे एकदा वाचून पाहावेत.

लावणीच्याच परंपरेत आपल्याला वियोगाचे दुसरे कारण, म्हणजे भिंत, भेटते. जगात ती भिंत निरनिराळ्या नावांनी उभी आहे. निजामीने ११८८ साली लिहिलेल्या लैला-मजनूत ती टोळीच्या अब्रूची आहे. शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्युलिएटमध्ये घराण्यांच्या वैराची आहे. वारिस शाहाच्या १७६६ च्या हीरमध्ये रांझा हा हीरच्या बापाच्या म्हशी राखणारा चाकर, म्हणून ती मालक-नोकराचीही आहे. आपल्याकडे ती जातीची आहे. आपल्याच जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५), यांनी कुलकर्णीपण सोडून तमाशाचा फड धरला आणि महार समाजातील पवळा हिच्याबरोबर आयुष्य व कला जोडली. त्यासाठी त्यांनी समाजाचा बहिष्कार सोसला आणि त्यांची अखेर हलाखीत झाली. पवळेच्या वाट्याला काय आले याची विचारपूस तर फारच थोड्यांनी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधात आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय असे प्रतिपादन केले. हे वाक्य समाजशास्त्राचे म्हणून वाचले जाते. आम्हांस ते प्रेमाच्या वाङ्मयावरचेही सर्वांत मोलाचे भाष्य वाटते. भिंत पाडली की शोकांतिकेचे कारण उरत नाही.

आता गिरणीकडे येऊ. मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि दोन वर्षांनी सुरू झाली. पुढे कोकण आणि घाटावरून माणसांचा लोंढा तिकडे वाहू लागला. पगार एकट्याला पुरेल इतका, खोली दहाबारा जणांत मिळून एक, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. बायकापोरे आणावीत तर ठेवावी कोठे? विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणना पाहिल्या तर मुंबईत बायकांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते. हजारो जोडपी तोडून हे शहर उभे राहिले, हा या आकड्याचा साधा अर्थ. त्या जोडप्यांचा पत्रव्यवहार म्हणजे मनिऑर्डर. तिच्या कागदावर निरोपापुरती बोटभर जागा असे. 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी' एवढे त्यात मावे, आणि तेही गावी पोस्टमनने चारचौघांत वाचून दाखवायचे. एवढ्या जागेत जेवढे प्रेम मावले तेवढे आमच्या वाडवडिलांनी केले.

या जोडप्यांना त्यांचा कालिदास मिळाला तो वाळवा तालुक्यातील वाटेगावचा. अण्णाभाऊ साठे (१९२०-१९६९) हे मातंग समाजात जन्मले, शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत, घरच्यांबरोबर पायी मुंबईस आले आणि गिरणीत राबले. १९४४ साली त्यांनी बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गावोगाव पोचली. गरिबीमुळे बायको गावी ठेवून मुंबईस आलेला कामगार तिला आठवतो, तिचे रूप सांगतो, मुंबईतील श्रीमंती आणि आपली दैना दाखवितो. आणि बोलता बोलता ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवार-निपाणीचा मराठी मुलूख होऊन जाते. जगाच्या साहित्यात खाजगी विरह आणि लोकांचा लढा इतक्या सहजपणे एकाच गाण्यात गुंफलेला आम्ही तरी फार ठिकाणी पाहिला नाही. महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला. त्या गाण्यातील सीमाभागाची मैना मात्र राहिलीच.

असेच गाणे बिहारातही जन्मले. सारण जिल्ह्यातील न्हावी समाजाचे भिखारी ठाकूर (१८८७-१९७१) यांनी 'बिदेसिया' हे भोजपुरी नाटक केले. त्यात नवरा कलकत्त्यास कमाईला जातो आणि तेथे दुसरीच्या नादी लागतो. गावी बायको एका वाटसरूबरोबर निरोप धाडते. ठाकुरांनी नवऱ्याचा तो डाग लपविला नाही, हे त्यांचे मोठेपण. मुंबईच्या चाळींतही असे घडले, आणि गावी टाकलेल्या बायकांनी ते मुकाट्याने सोसले. दारिद्र्याने होणारी ताटातूट प्रेमाला खोल करते असे कवी सांगतात. ती पुष्कळदा प्रेम मारूनही टाकते.

म्हणून आम्हां संघटनावाल्यांना वाटते, की प्रेमाच्या इतिहासात काही नावे घालावयास हवीत जी साहित्याच्या पुस्तकात सापडत नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली आणि १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवून दिली. आठवड्यातून एक दिवस माणसाने बायकामुलांचे तोंड उजेडी पाहावे, हा त्या मागणीचा अर्थ होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली, तेव्हा कित्येकांना गावी जाणे शक्य झाले. खानावळी चालविणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले. मेघाने निरोप नेला. या माणसांनी माणूसच घरी नेण्याची खटपट केली.

या खटपटीला अपयशही आले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या एकामागून एक मिटल्या आणि हजारो माणसे गावी परतली. मैनेचा राघू घरी आला, पण रिकाम्या हाताने. ताटातूट संपली तीही पराभवाने.

आजही ही गोष्ट संपलेली नाही. ऊसतोडीच्या धंद्यात मजूर मोजण्याचे माप 'कोयता' आहे, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. जोडीवर उचल मिळते म्हणून पोरींची लग्ने लवकर उरकली जातात. गिरणीने जोडपे तोडले. उसाच्या फडाने ते जुंपण्यासाठी बांधले. दोन्हीकडे प्रेमाला विचारले कोणी नाही. गावोगावच्या बांधकामांवर आणि गलाईच्या भट्ट्यांवर आजही एकटे तरुण राबत आहेत. त्यांच्या हाती मनिऑर्डरीऐवजी फोन आला, बायकोचा चेहरा रोज दिसतो. पण दिसणे म्हणजे जवळ असणे नव्हे.

कोणी विचारील, ताटातूट संपली तर प्रेमकाव्यही संपेल की काय? आम्हांस तशी भीती वाटत नाही. नारायण सुर्वे (१९२६-२०१०) यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने पदराखाली घेऊन वाढविले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ साली निघाला. त्यांच्या कवितेत संसार एका खोलीत चाललेला आहे. भाकरी, काळजी, संप आणि बायकोची सोबत तेथे एकाच छपराखाली राहतात. एकत्र राहण्याचे असे साहित्य जगात अजून थोडे आहे, कारण कष्टकऱ्यांच्या वाट्याला एकत्र राहणेच थोडे आले. ते वाढेल तेव्हा वाढेल. तोवर या तालुक्यात एक काम ताबडतोब करण्यासारखे आहे. ज्यांनी मुंबईकडे आणि गलाईकडे डोळे लावून उमर काढली त्या म्हाताऱ्या अजून आपल्या घरांत आहेत. त्यांना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, आणि ट्रंकेच्या तळाशी जुनी पत्रे, मनिऑर्डरीचे कागद आहेत. तरुणांनी त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि लिहून घ्यावे. गाथासप्तशतीसाठी एका राजाची गरज लागली. या संग्रहासाठी एक वही पुरेल.